‘आवाज येतोय ना?’ याच्या पुढचा प्रश्न

ऑनलाईन वर्गात मुलं गप्प का बसतात? थेट वर्ग असो की आपल्या सवडीनं शिकायचा कोर्स, चर्चा रंगते तरी कशी? या उत्तराचा माग थेट कुंभकोणमच्या एका गल्लीत जाऊन पोहोचतो…

१९११ साल. इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीच्या जर्नलमध्ये २८९ क्रमांकाचा एक प्रश्न छापून आला. १ अधिक २ गुणिले… आणि इथे एक वर्गमूळ. त्या वर्गमुळाच्या पोटात १ अधिक ३ गुणिले आणखी एक वर्गमूळ. त्याच्या पोटात १ अधिक ४ गुणिले पुन्हा वर्गमूळ. असं अनंतापर्यंत. या साऱ्याला बाहेरून एक मोठं वर्गमूळ. तर सांगा, याची किंमत किती?

प्रश्न विचारणारा तरुण अवघा तेवीस वर्षांचा. शिक्षण अर्धवट सुटलेलं, पदवी नाही. नाव एस. रामानुजन, गाव कुंभकोणम. वाचकांनी आपल्या सवडीनं प्रश्न सोडवायचा, उत्तर टपालानं पाठवायचं आणि ते पुढच्या अंकात छापून यायचं, अशी त्या जर्नलची पद्धत. एक अंक आला, दुसरा आला, तिसरा आला. सहा महिने उलटले. एकाही वाचकाचं उत्तर नाही! अखेर रामानुजननी स्वतःच उत्तर देऊन टाकलं: ३.

आज ऑनलाईन शिकवणाऱ्या कुठल्याही शिक्षिकेला ही गोष्ट सांगून पाहा. त्या हसतील, पण त्या हसण्यात थोडं दुखणंही असेल. ‘कुणाला काही शंका?’ असं विचारल्यावर पडद्यावरच्या काळ्या चौकटींमधून येणारी ती शांतता त्यांच्या ओळखीची आहे. नावाचं पहिलं अक्षर, त्याभोवती रंगीत गोल आणि बाजूला लाल रेघ मारलेला माईक. मग एखादा कनवाळू मुलगा म्हणतो, ‘नो डाऊट, मॅम.’ झाली चर्चा!

मार्च २०२० मध्ये शाळा-कॉलेजांना टाळी लागली तेव्हा हा अनुभव घरोघरी आला. पुढे शाळा उघडल्या, पण ऑनलाईन शिक्षण काही गेलं नाही. क्लासेस, नोकरी सांभाळून करायच्या पदव्या, केंद्र सरकारचं ‘स्वयम्’, आयआयटींचं ‘एनपीटेल’, नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे अभ्यासक्रम… लाखो माणसं पडद्यासमोर बसून शिकताहेत. काही ठरलेल्या वेळी, सगळे एकत्र, थेट. काही रात्री मुलं झोपल्यावर, आपल्या सवडीनं. दोन्हीकडे शिकवणं पोहोचतं. बोलणं मात्र अडतं.

आणि बोलणं अडलं की काय होतं, ते कुंभकोणमला विचारावं.

बोलायला माणूसच नाही

कावेरीकाठचं कुंभकोणम म्हणजे देवळांचं आणि डिग्री कॉफीचं गाव. मराठी माणसाला ते फारसं परकं वाटायला नको. शेजारच्या तंजावरात भोसल्यांनी पावणेदोनशे वर्षं राज्य केलं. बडोद्याचे दिवाण म्हणून नाव कमावलेले सर टी. माधवराव याच कुंभकोणमात तंजावरी मराठी घराण्यात १८२८ मध्ये जन्मले. इथल्या सरकारी कॉलेजची कीर्ती एवढी की लोक त्याला ‘दक्षिणेचं केंब्रिज’ म्हणत.

याच गावात सारंगपाणी मंदिराच्या सन्निधी रस्त्यावर रामानुजनचं छोटंसं घर. घरात कॉलेजची दोन मुलं भाड्यानं राहायची. लहानगा रामानुजन त्यांना गणितं विचारून विचारून भंडावून सोडायचा. अकरा वर्षांचा होईपर्यंत त्या दोघांकडचं गणित संपलं! पुढे १९०३ च्या सुमारास कार नावाच्या इंग्रज शिकवणीमास्तरांनी लिहिलेलं एक जाडजूड पुस्तक त्याच्या हाती लागलं. त्यात सुमारे पाच हजार सूत्रं एकामागून एक मांडलेली, सिद्धता मात्र नावापुरत्या. आजच्या भाषेत सांगायचं तर हा त्याचा सवडीनं शिकायचा कोर्स होता. कोर्स भरगच्च, पण ‘हे असं का?’ म्हणून विचारावं, तर समोर कुणी नाही.

परिणाम दोन झाले. एक म्हणजे त्यानं सगळं स्वतः शोधून काढलं, कारण तो रामानुजन होता. दुसरा परिणाम फारसा सांगितला जात नाही. कारच्या पुस्तकाची सवय त्यालाही लागली. उत्तर लिहायचं, ते कसं आलं हे लिहायचं नाही. कारण विचारणारंच कुणी नव्हतं! १९०४ मध्ये तो शिष्यवृत्ती मिळवून सरकारी कॉलेजात गेला, गणितात एवढा बुडाला की बाकीचे विषय बुडाले आणि शिष्यवृत्ती गेली. ऑगस्ट १९०५ मध्ये तो घरातून कुणाला न सांगता विशाखापट्टणमला निघून गेला. एवढ्या बुद्धीचा मुलगा आणि वर्गात एकटा.

त्याला पहिल्यांदा सोबत मिळाली ती इंडियन मॅथेमॅटिकल सोसायटीची. व्ही. रामस्वामी अय्यर या डेप्युटी कलेक्टरांनी १९०७ मध्ये ही संस्था काढली. गणिताची परदेशी नियतकालिकं महाग, एकेकट्याला परवडणारी नाहीत. तेव्हा सगळ्यांनी मिळून मागवावीत आणि टपालानं एकमेकांकडे फिरवावीत, हा मूळ विचार. गंमत म्हणजे या संस्थेचं ग्रंथालय होतं आपल्या पुण्यात, रँग्लर परांजपे प्राचार्य असलेल्या फर्ग्युसन कॉलेजात! पुण्याहून पुस्तकं टपालानं निघायची आणि देशभरातल्या सभासदांकडे पोहोचायची. दूरस्थ वर्ग म्हणतात तो आणखी वेगळा काय असतो?

हार्डींनी ‘छान!’ लिहिलं नाही

प्रश्न २८९ ला उत्तर आलं नाही, पण रामानुजन विचारत राहिले. मद्रास पोर्ट ट्रस्टमध्ये कारकुनी करत असताना त्यांनी केंब्रिजच्या नामवंत गणितज्ञांना पत्रं पाठवली. बेकर आणि हॉब्सन या दोघांकडून कागद काहीही न लिहिता परत आले. १६ जानेवारी १९१३ रोजी तिसरं पत्र गेलं जी. एच. हार्डींना. त्यात शंभराहून अधिक सूत्रं, सिद्धतेचा पत्ता नाही.

हार्डींचं उत्तर ८ फेब्रुवारीचं आहे. प्रत्येक शिक्षकानं त्याचा सांगाडा टेबलाच्या काचेखाली ठेवावा, असं ते उत्तर. त्यांनी तोंडभर स्तुती करून विषय संपवला नाही. सूत्रांचे तीन गट पाडले: काही आधीच माहीत असलेली, काही नवी आणि मनोरंजक, काही नवी आणि खरोखर महत्त्वाची. आणि मग विचारलं, याच्या सिद्धता कुठे आहेत? म्हणजे पत्र नीट वाचलंय हे दाखवलं, कुठलं किती मोलाचं ते सांगितलं आणि पुढे बोलायला जागा ठेवली. रामानुजननी २७ फेब्रुवारीला उलट लिहिलं, त्यात आपल्याला सहानुभूतीनं पाहणारा मित्र मिळाल्याचा आनंद होता. (सिद्धता मात्र तेव्हाही धड पाठवल्या नाहीत. सवय!) बोटीच्या टपालानं, आठवडे-आठवडे थांबत झालेली ही चर्चा. पुढच्या वर्षी, मार्च १९१४ मध्ये, ते स्वतः बोटीत बसले.

आपल्या मुलांच्या ऑनलाईन वर्गात बेकर आणि हॉब्सन पुष्कळ आहेत, हार्डी कमी. मुलानं धीर करून चार ओळी लिहिल्या आणि त्यावर कुणी काहीच बोललं नाही, तर पाचवी ओळ तो लिहीत नाही. निदान पहिल्या आठवड्यात तरी एकाही मुलाचं लिहिणं उत्तरावाचून राहू नये, एवढं पथ्य पाळलं तरी निम्मं काम होतं, असं मला वाटतं.

एक सेकंद फार थोडा

आता थेट वर्गाकडे येऊ. अमेरिकेत मेरी बड रो या संशोधक बाईंनी १९७० च्या दशकात एक साधी गोष्ट मोजली. प्रश्न विचारल्यावर शिक्षक उत्तरासाठी किती थांबतात? बहुतेक जण जेमतेम एक सेकंद! मग दुसऱ्याला विचारतात किंवा स्वतःच उत्तर देतात. हीच वाट तीन सेकंद किंवा जरा जास्त पाहिली, तर उत्तरं लांब येतात, विचार करून येतात आणि एरवी न बोलणारी मुलंही बोलतात.

हे झालं चार भिंतींतल्या वर्गाचं. ऑनलाईन वर्गात मुलाला आधी प्रश्न ऐकू यायला हवा, मग माईकचं बटण सापडायला हवं, शेजारच्या खोलीतला मिक्सर थांबायला हवा! तिथे तीन सेकंदांनी काय होणार? दहा-पंधरा सेकंद खुशाल थांबावं. थांबणं अवघड जातं, कारण पडद्यावरची शांतता बिघाडासारखी वाटते. ‘आवाज येतोय ना?’ हा प्रश्न तिथूनच येतो. त्याऐवजी सरळ सांगून टाकावं, ‘अर्धा मिनिट कुणी बोलायचं नाही. वहीत लिहा.’ मग ती शांतता बिघाड राहत नाही, काम होते.

अनेक शिक्षक एक सोपी युक्ती वापरतात. सगळ्यांनी उत्तर चॅटच्या चौकटीत टाईप करायचं, पण बटण दाबायचं नाही. शिक्षिका ‘आता’ म्हणाल्या की सगळ्यांनी एकदम पाठवायचं. पडद्यावर उत्तरांचा पाऊस! यात हुशार मुलाचं उत्तर पाहून बाकीच्यांनी हात आखडता घेण्याचा प्रश्नच येत नाही. खरी मजा पुढे असते. चाळीस उत्तरांमधून दोन परस्परविरोधी उत्तरं निवडायची आणि विचारायचं, ‘या दोघी असं का म्हणत असतील?’ कोण चूक, कोण बरोबर, हे लगेच सांगायचं नाही.

मुंबईच्या आयआयटीत कोथियाल, मजुमदार, मूर्ती आणि अय्यर या संशोधकांनी संगणक-प्रोग्रॅमिंगच्या एका मोठ्या वर्गात अशाच पद्धतीचा अभ्यास केला आणि तो २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. आधी एकट्यानं विचार करून लिहायचं, मग शेजाऱ्याशी बोलायचं, मग सगळ्या वर्गात मांडायचं. दहा आठवडे, असे तेरा उपक्रम. निरीक्षकांनी मोजलं, तेव्हा सरासरी ८३ टक्के विद्यार्थी पूर्णपणे किंवा बहुतांशी कामात गुंतलेले आढळले. हा वर्ग ऑनलाईन नव्हता, हे खरं. पण पद्धत तशीच्या तशी उचलता येते. दोघा-तिघांच्या छोट्या खोल्या पाडायची सोय आता बहुतेक ॲपमध्ये आहे. फक्त खोलीत पाठवताना ‘चर्चा करा’ एवढंच सांगून चालत नाही. ‘चार मिनिटांत दोघींनी मिळून एक वाक्य लिहून आणा’ असं सांगितलं, तर बोलणं होतं. नाही तर खोलीत दोन माईक बंद असतात आणि दोन्हीकडे पंखा फिरत असतो.

कॅमेऱ्याविषयी एक शब्द. ‘कॅमेरा चालू ठेवा’ अशी सक्ती करणाऱ्यांना एका खोलीच्या घरांची कल्पना नसते. मागे आजी झोपलेली, बाजूला धुणं वाळत घातलेलं. पोरगी लाजते आणि वर्गातूनच निघून जाते. चेहरा दिसण्यापेक्षा तिचं उत्तर दिसणं महत्त्वाचं.

‘मी सहमत आहे’चा रोग

सवडीनं शिकायच्या कोर्समध्ये वेगळीच तऱ्हा. इथे घाई नसते. विचार करायला वेळ असतो, भाषा जुळवायला वेळ असतो. इंग्रजीत बोलताना अडखळणारी मुलगी इथे मोकळेपणानं लिहू शकते. शिवाय घरातल्या एकुलत्या एका फोनवर दादाचा वर्ग चालू असेल, तर तिला रात्री नऊला वाचता येतं. ‘असर’च्या २०२० च्या पाहणीत शाळकरी मुलं असलेल्या ग्रामीण घरांपैकी ६१.८ टक्के घरांत स्मार्टफोन आढळला होता. २०१८ मध्ये तो ३६.५ टक्के घरांत होता. वाढ मोठीच, पण घरात फोन असणं आणि तो ताईच्या हातात असणं या दोन गोष्टी निराळ्या! अशा मुलींसाठी सवडीची चर्चा म्हणजे थेट वर्गाची कमअस्सल नक्कल नव्हे, तीच त्यांची खरी जागा.

पण ही जागा रोगट होते ती सक्तीनं. ‘प्रत्येकानं एक मत लिहावं आणि दोघांना उत्तर द्यावं, पाच गुण.’ मग रविवारी रात्री साडेअकराला एकच झुंबड. ‘छान मुद्दा! मी सहमत आहे.’ ‘खूप छान लिहिलंस, मीही सहमत.’ सगळे सहमत, गुण वसूल! आता तर मोबाईलमधली कृत्रिम बुद्धिमत्ता तीच सहमती चार परिच्छेदांत फुलवून देते.

दोष मुलांचा नाही, प्रश्नाचा आहे. ‘पाणीटंचाईवर आपलं मत लिहा’ या प्रश्नाला दहावं उत्तर लिहिणाऱ्यानं नवं काय लिहावं? त्याऐवजी, ‘तुमच्या घरी पाणी किती वाजता येतं, कोण भरतं, किती हंडे? लिहा. मग इतर तिघांचं वाचून तुमच्या घराशी काय जुळत नाही ते सांगा.’ इथे नक्कल करून भागत नाही, कारण दुसऱ्याचं घर दुसऱ्याचं असतं. आणि वाचावंही लागतं.

आयआयटी मुंबईतल्या सहना मूर्ती, श्रीधर अय्यर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सवडीच्या कोर्ससाठी जो आराखडा तयार केला, त्यात हाच धागा आहे. व्हिडिओ छोटा, आणि तोही मध्येच थांबतो. थांबा, विचार करा, लिहा, मग पुढे चला. चर्चेसाठी नेमका एक प्रश्न दिलेला. आणि नंतरच्या छोट्या चाचणीतले प्रश्न त्या चर्चेवरच! म्हणजे सोबत्यांनी काय लिहिलं ते वाचल्याशिवाय गती नाही. गुण लिहिण्याला दिले की मुलं लिहून मोकळी होतात. दुसऱ्याचं वाचून समजून घेण्याला दिले तर चर्चा होते.

शिक्षकांना आणखी एक मोह आवरावा लागतो, तो प्रत्येक मुलाला स्वतःच उत्तर देण्याचा. मॅडमचं उत्तर आलं की विषय मिटतो, मग कुणी बोलत नाही. पहिल्या आठवड्यानंतर थोडं मागे सरकावं, दोन मुलांना एकमेकांकडे वळवावं आणि शनिवारी सगळ्याचा गोषवारा द्यावा, नावं घेऊन. ‘तू म्हणालास ते मंगळवारी कुणाच्याच लक्षात आलं नव्हतं’ हे वाक्य ऐकण्यासाठी मुलं पुढच्या आठवड्यात लिहितात. लिहिणं जमत नसेल तर व्हॉइस नोट चालते. घरच्या बोलीत असली तरीही.

आई, तू जरा स्वयंपाकघरात

आणि आपण पालक? लॉकडाऊनच्या दिवसांत कॅमेऱ्याच्या कडेला बसून उत्तरं कुजबुजणाऱ्या आयांचे किस्से कोणत्याही शिक्षिकेला विचारा! हेतू चांगला, पण मूल काय शिकतं? चुकीचं उत्तर देणं ही लाजेची गोष्ट आहे, एवढंच. वर्गाच्या वेळी आपण आत जावं. वर्ग संपल्यावर मात्र ‘काय शिकवलं?’ याऐवजी ‘आज तू काय विचारलंस?’ असं विचारून पाहावं. पहिले दोन-तीन दिवस ‘काही नाही’ असंच उत्तर येईल.

जुलै २०२० मध्ये सह्याद्री वाहिनीवर सुरू झालेली ‘टिलीमिली’ मालिका आठवते? टीव्ही उलट बोलत नाही, तरी त्या मालिकेनं मुलांना घरातल्या माणसांबरोबर, घरातल्या वस्तूंनी काहीतरी करायला लावलं. चर्चा पडद्यावर होऊ शकत नव्हती, तर ती ओट्यापाशी झाली.

प्रश्न २८९, पुन्हा एकदा

२२ डिसेंबर हा रामानुजन यांचा जन्मदिन. २०१२ पासून तो राष्ट्रीय गणित दिवस म्हणून पाळला जातो. कुंभकोणमचं ते घर आता शास्त्र विद्यापीठानं जपलं आहे, त्या दिवशी तिथे जाता आलं तर उत्तमच. नाही तर आठवी-नववीच्या ऑनलाईन वर्गात हा प्रश्न टाकून पाहा, मात्र जर्नलसारखा नुसता टाकून मोकळे होऊ नका. पहिल्या दोन पायऱ्या आपण द्यायच्या. ३ म्हणजे ९ चं वर्गमूळ, आणि ९ म्हणजे १ अधिक २ गुणिले ४. त्यातला ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, आणि १६ म्हणजे १ अधिक ३ गुणिले ५. आता पुढची पायरी एकानं लिहायची, त्यापुढची दुसऱ्यानं. २५ म्हणजे १ अधिक ४ गुणिले ६… सोमवार ते गुरुवार प्रत्येकाला एक पायरी. यात कच्च्या मुलालाही काम आहे आणि आधीच्याचं वाचल्याशिवाय त्याचं काम होत नाही.

शुक्रवारी थेट वर्गात एक खोडी काढायची. ‘उत्तर ४ आहे असं मी दाखवलं तर?’ ४ म्हणजे १६ चं वर्गमूळ, १६ म्हणजे १ अधिक २ गुणिले साडेसात. साडेसात म्हणजे ५६.२५ चं वर्गमूळ, आणि ते म्हणजे १ अधिक ३ गुणिले १८.४१ आणि काहीतरी… ही गाडीही अशीच पुढे जाते! मग ३ खरं की ४? पहिल्या गाडीचे आकडे ४, ५, ६ असे शहाण्यासारखे वाढतात, दुसरीचे भलतेच उधळतात, हे कुणाच्या तरी ध्यानात येईल. पण तेवढ्यानं सिद्ध झालं का? हार्डींनी विचारलं होतं तेच आता मुलं एकमेकांना विचारू लागतील. माईक बंद ठेवा म्हणून सांगायची वेळ आली, तर शिक्षिकेनं ते अजिबात सांगू नये.